गावाचं पाणी, गावाचा कचरा, गावाची माटोळी: विद्यार्थी गटाने सुरुवात कुठून करावी

पहिल्या पावसात अळंबी उगवावी तसे गोव्यातल्या कॉलेजांत आणि हायर सेकंडरींत पर्यावरणाचे गट उगवतात, आणि चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, बहुतेक कुजून जातात. कारण सोपं आहे. किनाऱ्यावर एक सफाई झाली, सड्यावर (डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर) रोपं लावून झाली, बॅनर धरून फोटो झाला, आता पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं.

हा लेख पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा भागांतल्या गावात राहून दहा-बारा जणांचा गट बांधू पाहणाऱ्यांसाठी आहे. एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) असो, इको क्लबचा असो, नाहीतर वाड्यावरच्या मित्रमैत्रिणींचा. माझा आग्रह एवढाच की पहिलं वर्ष कुणाला शहाणं करायला जाऊ नका. मोजा, विचारा, लिहून ठेवा आणि ती वही गावाला द्या. गाव शाश्वत आहे की नाही हे भाषणात कळत नाही. विहिरीला मे महिन्यात किती पाणी उरतं, काचेच्या बाटल्या शेवटी कुठे जातात, खाजनाचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा) बांध यंदा कुणी बांधला, यावरून ते कळतं.

पहिली पायरी: एक वाडा निवडा

पूर्ण गाव घेऊ नका. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि त्यातल्या लहानातल्या लहान पंचायतीतही इतके वाडे असतात की कॉलेजच्या वेळापत्रकात ते बसत नाहीत. तीस-चाळीस घरांचा एकच वाडा घ्या. गटातल्या निदान दोघांची घरं तिथे असावीत, म्हणजे कुत्रं अंगावर येत नाही आणि चहाही मिळतो.

निवड झाली की आधी पंचाला भेटा, मग सरपंचांना, आणि संस्थेच्या लेटरहेडवर एक साधं पत्र पंचायत सचिवांकडे द्या. पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका. हे पत्र पुढे दहा ठिकाणी कामाला येतं. एनएसएसमध्ये असाल तर दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, म्हणजे वर्षाला १२०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. ते शिबिर रंगरंगोटीत न घालवता कचरा तोलण्याच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. का, ते पुढे येईलच.

कामं वाटताना एक पद कुणीही मागत नाही पण सगळ्यांत मोठं तेच असतं: वही सांभाळणारी व्यक्ती. अक्षर चांगलं आणि स्वभाव थोडा किटकिटा असलेला कुणी शोधा. फोनमधल्या नोंदी फोनबरोबर जातात. जाड पुठ्ठ्याची वही हवी, आणि प्रत्येक नोंदीला तारीख, जागा आणि नोंदवणाऱ्याचं नाव.

दुसरी पायरी: घरोघर बसून ऐकणं

प्रश्नावली छापून नेऊ नका. कागद पाहिला की माणसं सरकारी उत्तरं देतात. मनात तीन-चार प्रश्न ठेवा आणि गप्पा मारा. नळ यायच्या आधी पाणी कुठून भरायचात? या व्हाळात (ओढ्यात) मासे कुठले मिळायचे? वायंगण (पावसाळ्यानंतरची भातशेती) शेवटची कधी केली? गवे आणि माकडं कुळागरात (सुपारीच्या बागायतीत) कधीपासून शिरायला लागली?

संध्याकाळी चारनंतर जा. दुपारी आजीबाई आडव्या झालेल्या असतात. दोघांनी जावं, एकाने बोलावं आणि दुसऱ्याने घरी परतल्यावर लगेच लिहावं. बोलणं कोकणीत होईल, नोंद मराठीत होईल, आपल्याकडे ते नेहमीचंच आहे. पण शेताचं, झरीचं, झाडाचं, माशाचं नाव जसं कानावर पडलं तसंच लिहा. ते सुधारून पुस्तकी करू नका, नाहीतर पुढच्या वर्षी ती जागा दाखवायला कुणी ओळखणार नाही.

संभाषण साधारण असं चालतं:

“काकी, या तळीचं पाणी पूर्वी कशाला वापरायचात?”

“पूर्वी म्हणजे? आत्तासुद्धा वापरतो की. कपडे तिथेच धुतो. प्यायला मात्र त्या वरच्या झरीचं. तू कुणाची गं?”

‘तू कुणाची’ याला सरळ उत्तर द्या. आईवडिलांचं नाव सांगितलं की पुढची अर्धी माहिती आपोआप येते.

जमिनीच्या मालकीवर मात्र पहिल्या भेटीत बोलू नका. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला), कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) हे विषय कित्येक घरांत कोर्टात आहेत. तुम्ही मोजमापाचा टेप काढलात की लोकांना वाटतं, कुणीतरी पाठवलंय.

तिसरी पायरी: पाणी

आधी नळाचा मागोवा घ्या. फोंडा-तिसवाडीच्या बऱ्याच भागाला खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचं पाणी येतं, दक्षिणेत साळावली धरणाचं, सत्तरीत म्हादईवरच्या दाबोसचं. पेडण्यातल्या चांदेल प्रकल्पाला तिळारीच्या कालव्याचं पाणी लागतं, आणि तिळारीचं धरण आहे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. तिकडे कालवा फुटला की इकडे नळ कोरडे पडतात. आपल्या वाड्याच्या नळाची रेषा कागदावर एकदा काढलीत की ‘आपलं गाव’ किती लांबपर्यंत पसरलंय ते मुलांना पहिल्यांदा दिसतं.

मग विहिरी. दोरीला दगड बांधून, दर मीटरला गाठ मारून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. कठड्याच्या एकाच ठरलेल्या जागेवरून मोजा, तिथे रंगाची खूण करा आणि कठड्याची उंची वजा करा. पंप सुरू व्हायच्या आधी, सकाळी. वर्षातून दोन मोजण्या झाल्याच पाहिजेत: मेच्या शेवटी आणि पाऊस ओसरताना. एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तिसऱ्या वर्षी मात्र तो आकडा बोलायला लागतो.

पाणी पिण्याजोगं आहे का हे पाहायला एच-टू-एस चाचणीची बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैलापाण्याचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. असं झालं तर आधी त्या घरालाच सांगा, पाणी उकळून प्या म्हणा, आणि आरोग्य केंद्राला कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकलात तर त्या वाड्याची दारं तुम्हाला कायमची बंद झाली समजा.

एक हिशोब गटाने स्वतः करून पाहावा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर, म्हणजे ३ मीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर पाणी येतं. वाया जाणारं सोडून ८० टक्के धरलं तरी २ लाख ४० हजार. शहरी पुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्या हिशोबाने चार माणसांचं घर ४४४ दिवस चालेल. तरीही एप्रिलमध्ये टँकर येतो. कारण हे पाणी चार महिन्यांत कोसळतं आणि एवढी टाकी कुणाच्याच परसात मावत नाही. म्हणून खरा प्रश्न असा की छपराचं पाणी गटारात जातं की विहिरीच्या आसपास जमिनीत मुरतं. वाड्यावरच्या किती अंगणांना आता काँक्रीट किंवा पेव्हर आहेत तेही मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

चौथी पायरी: कचरा तोला

यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण हा विषय सगळ्यांना माहीत असल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात कुणीच मोजलेला नसतो.

वीस घरं घ्या. श्रीमंत, गरीब, भाड्याने राहणारी, दुकान असलेलं एक, अशी मिसळ असू द्या. प्रत्येक घराला आधी सांगा की सात दिवस रोज ठरल्या वेळी येऊन कचरा तोलून नेऊ, कुणाच्या घरात काय निघालं हे बाहेर जाणार नाही. घरांना नावं न लिहिता अंक द्या. लागणारं सामान थोडं आहे: हुकचा लटकता काटा, जाड हातमोजे, गमबूट, ताडपत्री, डेटॉल. वर्गणीतून भागतं.

ताडपत्रीवर वेगळं करायचं ते असं: ओला कचरा, कागद-पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, चिप्स आणि शॅम्पूची चकचकीत वेष्टनं, काच, पत्रा, कापड, चपला. डायपर, पॅड, औषधं, बॅटऱ्या, सुया हे उघडायचं नाही. पिशवीसकट तोलून बाजूला ठेवायचं. आपल्याकडे दोन गोष्टी पुस्तकातल्या तक्त्यांत नसतात आणि तुमच्या तक्त्यात असायलाच हव्यात. एक, दारूच्या काचेच्या बाटल्या. दोन, नारळाची सोडणं, करवंट्या आणि झावळ्या. या दुसऱ्या ढिगाला कचरा म्हणायचं की सरपण, यावर गटात भांडण होईल. होऊ द्या, आणि वेगळा रकाना ठेवा.

मग हिशोब. समजा वीस घरांत ८४ माणसं आहेत आणि सात दिवसांत २१० किलो ओला कचरा निघाला. ८४ गुणिले ७ म्हणजे ५८८. २१० ला ५८८ ने भागलं की माणशी दिवसाला सुमारे ३५७ ग्रॅम. याच आकड्यावरून वाड्याला कंपोस्टचा खड्डा केवढा लागेल ते ठरतं. चवथीच्या आठवड्यात एकदा आणि साध्या आठवड्यात एकदा मोजलंत तर फरक बघण्यासारखा असतो.

तोलताना एक गोष्ट आकड्यांत येत नाही, ती डोळ्यांनी पाहावी लागते. पुष्कळ घरांत आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, आणि सोडणं पटकन पेटावीत म्हणून खाली प्लास्टिकची पिशवी सरकवली जाते. त्यामुळे ‘आमच्याकडे प्लास्टिक निघतच नाही’ असं सांगणाऱ्या घराची राख बघा. तिथे उपदेश नको. धूर न्हाणीतच कोंडतो आणि तो सगळ्यांत जास्त कुणाच्या छातीत जातो, एवढं विचारून थांबा. उत्तर त्या घरातल्या बाईला माहीत असतं.

यानंतर कचऱ्याच्या गाडीच्या मागे जा, पंचायतीला सांगून. सुका कचरा कुठल्या शेडमध्ये उतरतो? तिथे वेगळा करणारी माणसं कुठली, त्यांना हातमोजे आहेत का? विकलं न जाणारं प्लास्टिक गोव्याबाहेर सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला जातं, ते ट्रकवर कुठे चढतं? भंगार अड्ड्यावाला काय घेतो आणि काय परत पाठवतो? त्याचा आजचा भाव वहीत लिहा. काच बहुतेक कुणालाच नको असते, म्हणून ती व्हाळात सापडते. सरकारी बाजू पाहायची असेल तर साळगावचा प्रकल्प बघा. तो २०१६ मध्ये सुरू झाला, तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्यावर वीज करतात. भेटीसाठी प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं. पणजी महानगरपालिकेने कचरा सोळा प्रकारांत वेगळा करायची पद्धत आणली, तीही बघून या. पण परत आल्यावर स्वतःला विचारा, आपल्या वाड्यावर निदान चार प्रकार तरी होतील का?

पाचवी पायरी: शेत, रान आणि माटोळी

गाव खाडीकाठचं असेल तर खाजन बघितल्याशिवाय तुमची वही अर्धीच. बांध खारं पाणी अडवतो आणि मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. ना मोटार, ना वीज. कोरगुट, आसगो यांसारखे खारवटपणा सोसणारे भात याच जमिनीतले. बांध एकदा फुटला आणि वेळेत बांधला नाही की खारं पाणी शेतात बसतं, शेती सुटते आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. मग बांध दुरुस्त करायला गेलात तरी ती कायद्याने तोडता येत नाही. शेतकरी आणि पर्यावरणवाले समोरासमोर येतात ते इथे, आणि दोघांचंही खरं असतं. मानशीवर मासे धरण्याचा लिलाव कोण करतं आणि तो पैसा बांधाकडे परत येतो का, हे विचारा. पेडण्याच्या बाजूला असाल तर आगरवाड्याची मिठागरंही त्याच फेरीत बघता येतील. मीठ पाहायला मार्च-एप्रिलमध्ये जा.

डोंगराकडच्या गावांत देवराई असते. केरीची आजोबाची राई, बांबरची निरंकाराची राई ही सत्तरीतली माहितीची नावं. आत जायच्या आधी गावकरांना विचारा, चपला बाहेर काढा, पानही तोडू नका. दुर्मीळ झाड दिसलं तर त्याची नेमकी जागा इंटरनेटवर टाकू नका. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल नको.

सड्याबद्दल एक वेगळी सूचना. जुलैत रोपं लावायला सगळ्यांना सडाच आठवतो, कारण तो ‘मोकळा’ दिसतो. तो मोकळा नसतो. दवबिंदू, सीतेची आसवं अशा नाजूक वनस्पती फक्त त्या पातळ मातीत पावसाळ्यापुरत्या येतात. तिथे खड्डे मारून अकेशिया लावणं हा उपद्रव आहे, मग कितीही फोटो आले तरी.

आता माटोळी. जैवविविधतेची नोंद करायला नवख्या गटाला यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही. चवथीला गणपतीच्या वर जे बांधलं जातं त्यात अर्धं रान असतं: कवंडळं, घागऱ्या, कांगणं, शेरवडाची पांढरी पानं, आंबाडे, सुपारीचे कात्रे, तोरिंगं. प्रत्येक घरी दर्शनाला जाताच, मग वही बरोबर न्या. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा: नाव, कुठून आणली (स्वतःच्या भाटातून म्हणजे नारळाच्या बागेतून, रानातून की बाजारातून), आणि आजोबांच्या वेळी ती कुठे मिळायची. लोक या विषयावर इतक्या आनंदाने बोलतात की तुम्हाला थांबवावं लागेल. चवथीच्या आधी डिचोली, म्हापसा, फोंड्याच्या बाजारात माटोळीचं सामान घेऊन बसणाऱ्या बायकांशीही बोला. कुठलं फळ आणायला यंदा किती लांब चालावं लागलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येत नाही. आणि बाजारासाठी वेली मुळासकट ओढल्या जातात का, हेही विचारा. गैरसोयीचा प्रश्न आहे, पण विचारायलाच हवा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवणं हे तिचं काम. पंचायतीत जाऊन ती नोंदवही बघायला मागा. तुमच्या माटोळीच्या यादीतली किती नावं तिच्यात आहेत ते ताडून पाहा. नसतील ती समितीला लिहून द्या. तुमच्या कामाचा गावाला झालेला हा पहिला थेट उपयोग.

विजेचं एका दुपारचं काम आहे. वीस घरांची बिलं मागा, युनिट लिहा, पंखे आणि फ्रीज मोजा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. हिशोब घरच्यांसमोर करा आणि पुढे चला.

जपायच्या गोष्टी

पावसात शेतातल्या, गटाराच्या पाण्यात उतरायचं तर गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर उतरूच नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. पाचोळ्यात आणि दगडांत हात घालायच्या आधी काठी फिरवा, फुरसं दिसत नाही. डिचोली-सत्तरी-सांगेच्या खाणपट्ट्यात पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींच्या काठावरही जायचं नाही, पोहणाऱ्यानेसुद्धा. कडा ढिसूळ असतात. अंधाराआधी घरी. १०८ सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, आणि रेंज कुठे येत नाही हेही माहीत असू द्या.

सहावी पायरी: ग्रामसभा

गोव्यात ग्रामसभा साधारणपणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी भरते. गावच्या मतदारयादीत नाव असलेली व्यक्ती तिची सदस्य, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्या आणि नाव नोंदवलेल्या तुमच्यातल्या कुणालाही बोलता येतं. गटातले सगळेच अठराच्या खालचे असतील तर एखादी काकी किंवा शिक्षक बरोबर घ्या. ऑक्टोबरमध्ये नुसतं ऐकायला जा: कोण ओरडतं, कोण ऐकतं, सचिव काय लिहून घेतात. तुमची पाळी जानेवारीत.

एक पान न्या, त्यावर चार-पाच आकडे, आणि मागणी एकच. ‘वाडा स्वच्छ ठेवावा’ ही मागणी नव्हे. ‘दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी काच वेगळी गोळा करावी’ ही मागणी. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला ना, ते तिथेच पाहून घ्या. पुढे काहीच हललं नाही तर माहिती अधिकार आहे, दहा रुपयांत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तो अर्ज शेवटी करावा. सचिवांना दोनदा भेटून जे कळतं ते बऱ्याचदा अर्जाने कळत नाही, आणि अर्ज आला की कार्यालयातली सगळी माणसं सावध होतात.

सातवी पायरी: वही पुढे देणं

गट मोडतो तो परीक्षेच्या सुमारास. तिसऱ्या वर्षाची मुलं जातात आणि काटा कुणाच्या तरी माळ्यावर राहतो. म्हणून फेब्रुवारीतच दोन ज्युनियर ठरवा आणि त्यांना एकदा वाड्यावर नेऊन प्रत्येक घरी ओळख करून द्या. वहीची एक झेरॉक्स पंचायतीत, एक गावच्या वाचनालयात, एक कॉलेजात. काटा, दोरी, ताडपत्री कुणाकडे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, फोन नंबर मात्र वाचनालयाच्या प्रतीत नको. मेमध्ये कॉलेज बंद असतं, तेव्हा विहिरी मोजायला येणाऱ्या दोघांची नावं सुटीआधीच पक्की करा, आणि ती दोघं त्याच वाड्यावरची असू द्या.